आधी खाद्य, मग बीज

मत्स्यशेतीत बीज तयार करणे म्हणजे अंडी मिळवून ती उबवणे, अशी समजूत आपल्याकडे खोलवर रुजलेली आहे. हे पुस्तक त्या समजुतीला हात घालते. अंडी मिळवण्याचा प्रश्न भारताने फार पूर्वी सोडवला. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी पीयूष ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन कार्प कुळातील माशांचे प्रजनन घडवले. १० जुलै हा दिवस आज राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो तो त्यामुळेच. पुढे खाऱ्या पाण्यातल्या माशांचीही पाळी आली. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीव संवर्धन संस्थेने १९९७ मध्ये जिताड्याचे बीज तयार केले. केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेच्या मंडपम येथील केंद्रात २०१० मध्ये कोबियाचे आणि २०११ मध्ये सिल्व्हर पॉम्पॅनोचे बीज तयार झाले. यातल्या प्रत्येक यशासाठी एका वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर हाताशी असावे लागले: अंड्यातून निघालेल्या पिल्लाला पहिला घास कशाचा द्यायचा?

या पुस्तकाचे म्हणणे एका वाक्यात सांगता येते. बीजकेंद्र हे आधी खाद्याचे शेत असते आणि मग माशांचे. ज्याच्या टाक्यांत सूक्ष्म कवचधारी जीवांचे पीक उभे नाही, त्याने अंडी उबवूच नयेत.

नॉर्वेचे योहान यॉर्ट यांनी १९१४ मध्ये एक विचार मांडला. समुद्रात एखाद्या वर्षी मासळी भरपूर येते आणि एखाद्या वर्षी येत नाही, याचे कारण त्यांनी पिल्लांच्या पहिल्या काही दिवसांत शोधले. बलक संपण्याच्या वेळी योग्य खाद्य समोर असेल तर त्या वर्षीची पिढी जगते, नसेल तर ती जवळजवळ सगळी बुडते. समुद्राला जो नियम लागू, तोच टाकीला. बहुतेक सागरी माशांचे पिल्लू जन्मते तेव्हा दोन ते चार मिलिमीटर लांब असते. उष्ण पाण्यात त्याचा बलक दोन-तीन दिवसांत संपतो. त्या वेळी तोंड नुकतेच उघडलेले असते, डोळ्यांना नुकते दिसू लागलेले असते आणि जठर तयारही झालेले नसते. उपासमारीची एक मर्यादा ओलांडली की नंतर खाद्य दिले तरी ते खाण्याची ताकद पिल्लात उरत नाही. वरून ते पोहताना दिसते, पण ते वाचणार नसते.

अशा पिल्लाला कोरडी भुकटी देऊन भागत नाही. भुकटी खाली बसते, पाणी नासवते, आणि मुख्य म्हणजे ती हलत नाही. पिल्लू हलणाऱ्या वस्तूवर झडप घालते. म्हणून खाद्य तोंडात मावणारे हवे, पाण्यात तरंगत हालचाल करणारे हवे, कोवळ्या आतड्याला पचणारे हवे आणि वाढीला लागणारी स्निग्धाम्ले त्यात हवीत. निसर्गात या चारही अटी मुख्यतः सूक्ष्म कवचधारी प्राणीच पुऱ्या करतात. किनाऱ्यावरच्या मराठी माणसाला जवळा ठाऊक आहे. जवळ्याहून कितीतरी लहान, काही तर नुसत्या डोळ्यांना न दिसणारे, असे त्याचे असंख्य नातलग पाण्यात असतात. कोपेपॉड, आर्टेमिया, मोइना, डॅफ्निया ही त्यातली या पुस्तकाची मुख्य पात्रे. रोटिफर हा कवचधारी नाही, पण त्याच्यावाचून पहिले चार दिवस निभत नाहीत, म्हणून त्यालाही एक प्रकरण दिले आहे.

इंदुरात बसून समुद्री जीवांवर पुस्तक का लिहावे, असे वाचकाला वाटेल. याचे पहिले उत्तर आर्टेमियाच देतो. हा प्राणी खाऱ्या पाण्यातला आहे, पण तो मोकळ्या समुद्रात टिकत नाही. शत्रूपासून बचाव करण्याचे कोणतेही साधन त्याच्याकडे नाही. जिथे खारटपणा इतका वाढतो की मासे जगू शकत नाहीत, तिथेच तो सुखाने राहतो. त्यामुळे त्याची मोठी घरे समुद्रापासून दूर आहेत. जगाला सर्वाधिक आर्टेमिया पुरवणारे ग्रेट सॉल्ट लेक अमेरिकेच्या यूटा राज्यात, डोंगरांनी वेढलेल्या प्रदेशात आहे. आपल्याकडे राजस्थानातल्या सांभर सरोवरात त्याची नोंद १९५० च्या दशकातच झाली. मुठीएवढे मीठ, स्वच्छ पाणी, हवा आणि उजेड एवढे असले तर तो इंदूरभोवतीच्या मालव्यातही उबतो. महाराष्ट्रातही मत्स्यविज्ञानाची महाविद्यालये नागपूर आणि उदगीर येथे आहेत आणि दोन्ही गावे किनाऱ्यापासून लांब आहेत.

दुसरे उत्तर नर्मदेचे आहे. इंदूर शहर १९७८ पासून जलूदहून उपसलेले नर्मदेचे पाणी पिते. त्याच नर्मदेतला महाशीर, ज्याला इकडे बाडस म्हणतात, मध्य प्रदेशाने २०११ मध्ये राज्यमासा ठरवला. वाहत्या, प्राणवायूने भरलेल्या पाण्यात वाढणारा हा मासा धरणांमागच्या संथ पाण्यात मागे पडला. बडवाह परिसरात वनविभागाने त्याचे कृत्रिम प्रजनन हाती घेतले. नर्मदापुरमजवळ पवारखेडा येथे मुंबईच्या केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्थेचे केंद्र आहे. म्हणजे बीज वाढवण्याचा प्रश्न आमच्या दाराशीच आहे, आणि पिल्लांच्या पहिल्या खाद्याचाही.

आर्टेमियाचा इतिहास थोडा विस्ताराने सांगायला हवा. सॅन फ्रान्सिस्को येथील स्टाइनहार्ट मत्स्यालयातील ॲल्विन सील यांनी १९३३ मध्ये आणि नॉर्वेचे गुन्नार रोलेफसेन यांनी १९३९ मध्ये त्याची नुकती जन्मलेली पिल्ले माशांच्या पिल्लांना खाऊ घालण्याची उपयुक्तता दाखवून दिली. जपानमध्ये मोतोसाकू फुजिनागा यांनी १९३४ मध्ये कुरुमा कोळंबीकडून बंदिस्त पाण्यात अंडी घेतली. त्यांच्या कामातून कोळंबीच्या पिल्लांसाठी आधी सूक्ष्म शेवाळ आणि पुढे आर्टेमिया हा क्रम रुळला. कोळंबीचे पिल्लू नॉप्लियस, झोइया आणि मायसिस या अवस्थांतून जाते. झोइया शेवाळ खाते, मायसिसपासून पुढे आर्टेमिया. गोड्या पाण्यातल्या मोठ्या कोळंबीची गोष्ट आणखी बोलकी आहे. शाओ-वेन लिंग यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी मलेशियात शोधून काढले की ही कोळंबी नदीत राहते, पण तिची पिल्ले निमखाऱ्या पाण्याशिवाय जगत नाहीत. सुमारे १२ पीपीटी (हजारात १२ भाग) खारेपणा आणि आर्टेमियाची पिल्ले यांवर अकरा अवस्था पार करून ती गोड्या पाण्याला तयार होतात.

आर्टेमियाचे मोल त्याच्या कोषात आहे. परिस्थिती बिघडली की मादी जिवंत पिल्लांऐवजी कठीण कवचाचे कोष सोडते. वाळवलेल्या कोषात जीवनक्रिया जवळजवळ थांबलेली असते आणि नीट ठेवले तर ते वर्षानुवर्षे टिकतात. एका ग्रॅममध्ये दोन ते तीन लाख कोष मावतात. जिवंत खाद्य डब्यात भरून कपाटात ठेवता येईल आणि हवे तेव्हा एका दिवसात उबवता येईल, अशी सोय एवढ्या मोठ्या प्रमाणात दुसऱ्या कुठल्याही जीवाने दिलेली नाही. मत्स्यसंवर्धन साऱ्या जगात पसरले त्यात या सोयीचा वाटा फार मोठा आहे.

पण जे एका डब्यात मिळते ते एका ठिकाणाहूनच येऊ लागले की परावलंबन वाढते. १९७० च्या दशकात कोषांचा तुटवडा पडला, भाव चढले आणि बीजकेंद्रे अडचणीत आली. १९७६ मध्ये क्योटो येथे जागतिक अन्न व कृषी संघटनेची जलसंवर्धन परिषद भरली. तिथे बेल्जियमच्या पॅट्रिक सोरगेलूस यांनी हा तुटवडा तात्पुरता असल्याचे आणि आर्टेमिया जगात अनेक ठिकाणी वाढवता येईल असे मांडले. १९७८ मध्ये घेंट विद्यापीठात आर्टेमियाचे संदर्भकेंद्र उभे राहिले. सोरगेलूस यांच्या म्हणण्याचा सर्वांत ठळक पुरावा व्हिएतनामने दिला. तिथल्या विन चाऊ भागातल्या मिठागरांत १९८० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्को खाडीचा वाण सोडण्यात आला. कान थो विद्यापीठाच्या मदतीने मिठाचे शेतकरी कोरड्या हंगामात त्याच खाचरांतून मिठाबरोबर कोषांचेही पीक काढू लागले.

हे वाचताना मराठी माणसाला मुंबईची मिठागरे आठवायला हवीत. भारतातल्या आर्टेमियाची पहिली नोंद मुंबईच्याच मिठागरांतून झाली, १९५३ मध्ये, आणि ती केली सी. व्ही. कुलकर्णी यांनी. कुलकर्णी हे नाव मत्स्यव्यवसायाच्या प्रत्येक मराठी विद्यार्थ्याला माहीत असायला हवे. १९४० मध्ये त्यांनी मुंबई परिसरातल्या खाड्यांतील एका चिमुकल्या माशाचे वर्णन करून होराइक्थिस सेटनाय हे नाव विज्ञानाला दिले. पुढे लोणावळ्याजवळच्या वळवण येथे टाटांच्या मत्स्यकेंद्रात एस. एन. ओगले यांच्यासह त्यांनी महाशीरचे कृत्रिम प्रजनन यशस्वी केले. देशभरच्या महाशीर संवर्धनाला त्याच कामाचा आधार मिळाला. ज्या संशोधकाने आर्टेमियाची नोंद केली त्यानेच महाशीरही वाढवला, आणि या पुस्तकाच्या दोन्ही टोकांना त्याचे काम आहे.

सत्तर वर्षांत आर्टेमियाच्या त्या नोंदीचे आपण काय केले, हा प्रश्न मी गांभीर्याने विचारतो. वडाळा, भांडुप, भाईंदर, उरण, पालघर या पट्ट्यात पिढ्यान् पिढ्या मीठ पिकले. पावसाळा संपल्यावर कोंडीतले पाणी आटत जाते, खारेपणा चढतो, मासे मरतात आणि आर्टेमियाला हवी तशी जागा तयार होते. व्हिएतनामचा कोरडा हंगाम आणि कोकणचा मिठाचा हंगाम यांत तत्त्वाचा फरक नाही. तरी भारतीय बीजकेंद्रे बाहेरून आलेल्या कोषांवर मोठ्या प्रमाणात विसंबून राहिली आणि मुंबईच्या मिठागरांच्या जमिनीवर आज बांधकामाचा दाब आहे. जी मिठागरे अजून चालू आहेत तिथे मिठाबरोबर आर्टेमियाचे पीक घेऊन पाहणे हे काम सरकारी संस्थांनी आणि मीठ पिकवणाऱ्यांनी मिळून करायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे. एक सावधगिरी मात्र पाळली पाहिजे. आपल्या मिठागरांत सापडणाऱ्या आर्टेमियात नर नसलेले, नुसत्या माद्यांवर चालणारे देशी वाण आहेत. परदेशी वाण जिथे शिरतो तिथे तो देशी वाणाला हुसकावतो. म्हणून उबवणीच्या टाकीतले पाणी गाळल्याशिवाय आणि निर्जंतुक केल्याशिवाय कुठल्याही नाल्यात, तळ्यात किंवा मिठागरात सोडू नये.

उबवणीची कृती पुस्तकात पायरीपायरीने दिली आहे. इथे तिचा गाभा सांगतो. तळाशी निमुळते होत गेलेले पारदर्शक भांडे घ्यावे. लिटरला २५ ते ३० ग्रॅम मीठ विरघळवलेले पाणी, तापमान २५ ते २८ अंश सेल्सियस, सामू आठच्या आसपास आणि सतत उजेड ठेवावा. लिटरला एक-दोन ग्रॅम कोष टाकून तळातून जोराने हवा सोडावी. चोवीस तासांत बहुतेक कोष फुटतात. मग हवा बंद करून पाच-दहा मिनिटे थांबावे. रिकामी कवचे वर तरंगतात, न फुटलेले कोष तळाला बसतात आणि पिल्ले उजेडाकडे गोळा होतात. शंभर-सव्वाशे मायक्रॉनच्या जाळीत ती गाळून, स्वच्छ पाण्याने धुऊन खाऊ घालावीत. इंदूरसारख्या गावात हिवाळ्याच्या रात्री पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो, तेव्हा हीटर न लावता उबवणीला बसलात तर कोष दोन दिवस झाले तरी फुटत नाहीत आणि दोष बिचाऱ्या कोषांवर येतो.

वेळेचे भान या कामात सर्वांत मोठे. नुकते जन्मलेले आर्टेमियाचे पिल्लू काही खात नाही, स्वतःच्या बलकावर जगते. सात-आठ तासांनी कात टाकून ते पुढच्या अवस्थेत जाते. उपाशी राहिले तर एका दिवसात त्यातली चौथाईच्या आसपास ऊर्जा खर्चून जाते. ते मोठे होते, जलद पोहते आणि माशाच्या पिल्लाच्या हाती लागत नाही. म्हणून काढल्याबरोबर खाऊ घालावे किंवा थंडगार जागी ठेवावे. शिवाय आर्टेमियात डीएचए हे स्निग्धाम्ल जवळजवळ नसते, आणि सागरी माशांच्या मेंदूला व डोळ्यांना ते लागतेच. त्यावर उपाय असा की दुसऱ्या अवस्थेतल्या पिल्लांना बारा ते चोवीस तास मासळीच्या तेलाचे दुधाळ मिश्रण किंवा योग्य शेवाळ खायला घालायचे. आर्टेमिया समोर येईल ते गाळून खातो, त्यामुळे जे त्याच्या पोटात जाते ते माशाच्या पिल्लापर्यंत पोचते. जपानी संशोधकांनी १९७० आणि १९८० च्या दशकांत हे सिद्ध केले, आणि पिल्ले आठवड्याभरात एकाएकी का मरतात, या जुन्या कोड्याचा मोठा भाग त्यामुळे उलगडला.

कोपेपॉडची गोष्ट वेगळी आहे. समुद्रात बहुतेक माशांच्या पिल्लांचे खरे अन्न तेच. त्यांची पहिल्या अवस्थेतली पिल्ले ५० ते १०० मायक्रॉनची, म्हणजे आर्टेमियाच्या पिल्लांहून कितीतरी लहान. झटके देत पोहण्याची त्यांची तऱ्हा माशाच्या पिल्लाला लगेच खेचते. डीएचए त्यांच्यात मुळातच असते आणि तेही सहज पचणाऱ्या रूपात. ज्या माशांचे तोंड अगदी बारीक, त्यांच्या बाबतीत कोपेपॉडला तोड नाही. अडचण संख्येची आहे. रोटिफर एका मिलिलिटरमध्ये शेकड्यांनी वाढतात, पण अकार्शियासारखे कॅलेनॉइड कोपेपॉड एका मिलिलिटरमध्ये एक-दोन प्रौढांच्या पुढे गर्दी सहन करत नाहीत. त्यांना जिवंत शेवाळच लागते. सहा नॉप्लियस आणि पाच कोपेपोडाइट अवस्था पार करून प्रौढ व्हायला उष्ण पाण्यात त्यांना दहा-बारा दिवस लागतात. हार्पॅक्टिकॉइड प्रकारचे कोपेपॉड अधिक काटक, पृष्ठभागाला धरून राहणारे. टिग्रिओपस हा त्यातलाच. जपानमध्ये रोटिफरच्याच टाकीत पावाच्या यीस्टवर त्याचे मोठ्या प्रमाणावर पीक घेतले गेले. कोणत्या माशासाठी कोणता कोपेपॉड, हे ठरवण्याचे कोष्टक पुस्तकात आहे, पण सुरुवात करणाऱ्याने ऑइथोना किंवा एपोसायक्लॉप्ससारख्या सोशिक सायक्लोपॉइड जातीपासून करावी, असा माझा सल्ला आहे.

गोड्या पाण्यात कोपेपॉडची आणि आर्टेमियाची बरीच कामे मोइना करते, आणि तिचे संवर्धन मालव्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याच्या आवाक्यात आहे. शेणखत, कोंबडीखत किंवा शेंगदाण्याची पेंड भिजवून टाकीत घातली की पाणी हिरवे होते. त्यात मूळ पैदास सोडली की पोषक पाण्यात चार-पाच दिवसांत मोइना वयात येते आणि नराशिवाय पिल्ले देऊ लागते. गर्दी झाली, अन्न संपले की ती टिकाऊ अंडी घालते आणि पीक एका रात्रीत कोसळते. म्हणून रोज थोडे थोडे काढणे हाच तिला टिकवण्याचा मार्ग. संगोपन तळ्यात मत्स्यजिरे, म्हणजे माशांची अगदी कोवळी पिल्ले, सोडण्याआधी प्लवकजाळीतून ५० लिटर पाणी गाळून पाहण्याची जुनी पद्धत आहे. दीड ते दोन मिलिलिटर प्राणिप्लवक मिळाले तर तळे तयार समजावे. ही चाचणी न करता जिरे सोडणे हे बीज मरण्याचे एक नेहमीचे कारण आहे. महाशीरची अंडी मोठी आणि बलक भरपूर, त्यामुळे त्याची पिल्ले सागरी माशांहून जास्त दिवस तग धरतात. पण बलक संपला की त्यांनाही असेच हलणारे, बारीक खाद्य लागते.

खाद्याची ही सारी मांडणी तीन मजली आहे. खाली सूक्ष्म शेवाळ: आयसोक्रायसिस, किटोसेरॉस, नॅनोक्लोरॉप्सिस. मध्ये शेवाळ खाणारे प्राणिप्लवक. वर माशाचे किंवा कोळंबीचे पिल्लू. खालचा मजला डळमळला तर वरचा वाचत नाही. म्हणून पुस्तकातली प्रकरणे शेवाळापासून सुरू होतात आणि पिल्लांवर संपतात. प्रत्येक जातीची मूळ पैदास निदान दोन वेगळ्या जागी ठेवावी, एका टाकीची बादली आणि जाळी दुसऱ्या टाकीत घालू नये, रोज सूक्ष्मदर्शकाखाली एक थेंब पाहून मोजणी लिहून ठेवावी. ही शिस्त कंटाळवाणी वाटते, पण टाकी कोसळण्याच्या दोन दिवस आधी तिची सूचना त्या वहीतच मिळते.

हे ज्ञान मराठीत असायला हवे, कारण ज्याच्या हातात रोज बादली आणि जाळी असते तो कामगार, मच्छीमार सहकारी संस्थेचा सभासद, पदविकेचा विद्यार्थी मराठीतच विचार करतो. रत्नागिरीत १९५८ पासून सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे, १९८१ पासून शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, वर्सोव्याला १९६१ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था आहे. तिथे साठलेले ज्ञान प्रयोगशाळेच्या दारापर्यंत येऊन थांबू नये. महाराष्ट्रात, गोव्यात आणि आमच्यासारख्या मालव्यातल्या मराठी घरांत जे कोणी या धंद्यात येऊ पाहतात, त्यांच्या हाती हे पुस्तक पडावे म्हणून ते लिहिले आहे.

वाचकाला माझी एकच विनंती आहे. हे पुस्तक वाचून लगेच अंडी किंवा जिरे आणायला निघू नका. आधी एक महिना शेवाळाची आणि मोइनाची किंवा कोपेपॉडची एक-एक टाकी चालवा, रोजची मोजणी लिहा, पीक एकदा कोसळू द्या आणि पुन्हा उभे करा. सलग तीन आठवडे रोज ठरलेल्या वेळी ठरलेले खाद्य तुमच्या टाकीतून निघू लागले, की मगच बीज आणा. ते जगेल.